खिम्याच्या गोळ्याची कुळकथा

राजांच्या लढाया, तहनामे आणि वंशावळी यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु ज्या अन्नावर ते राजे व त्यांचे शिपाई जगले त्या अन्नाचाही इतिहास लिहिण्यासारखा आहे, असें आपल्या विद्वानांस क्वचितच वाटतें. स्वयंपाकघर ही बायकांची बाजू आणि इतिहास ही पुरुषांची, अशी कांहींशी वांटणी आपल्या मनांत झालेली असल्यामुळें असें होत असावें. वस्तुतः आपलें कोणतें आणि परकें कोणतें हा जो वाद भाषेंत आणि राजकारणांत सतत चाललेला असतो, तोच वाद आपल्या ताटांतही रोज चाललेला असतो, आणि तेथें त्याचा निकाल पुष्कळ वेळां आपल्या नकळत लागून गेलेला असतो. या विषयाकडे आमचें लक्ष एका अगदीं घरगुती प्रसंगामुळें वेधलें. तो प्रसंग प्रथम सांगतों.

कोल्हापूरच्या पूर्वेस, पुणें-बंगळूर रस्त्याला लागून उचगांव आहे. शहर वाढत वाढत आतां त्याच्या वेशीला येऊन भिडलें आहे. तेथें आमचे एक जुने स्नेही राहतात. आयुष्यभर शिक्षकी केलेली, शरीर लहानपणीं तालमींत घडलेलें, आणि आतां वय सत्तरीच्या पुढें. मागील वर्षीं त्यांस हृदयाचा विकार जडला. डॉक्टरांनीं तेल, तूप व चरबी कमी करण्यास सांगितलें. घरच्यांनीं त्याचा अर्थ मटण बंद असा केला. कोल्हापुरांत रविवारचें मटण बंद होणें ही केवळ जिभेची गोष्ट नव्हे. त्या दिवशीं लेकी-जावई येतात, नातवंडें जमतात, आणि कर्ता पुरुष पंक्तीच्या टोकाला बसून सर्वांस आग्रह करतो. आमचे स्नेही पंक्तीस बसत, दोन घांस वरण-भात खात आणि उठून जात. असें तीन-चार महिने चाललें. त्यांचें वजन उतरलें आणि बोलणेंही कमी झालें. दुखण्यापेक्षां हें एकटेपणच त्यांस अधिक पोखरीत आहे, असें त्यांच्या पत्नीचें म्हणणें होतें, आणि आम्हांसही तें खरें वाटलें.

आम्ही त्यांच्या घरीं गेलों तेव्हां त्यांची अमेरिकेंत राहणारी कन्या सुटीस आली होती. ती म्हणाली, "आबा, तिकडं आम्ही टर्कीच्या खिम्याचे गोळे करतो. चरबी नाही, तळण नाही. तुम्हांला करून घालते." त्यावर आबा म्हणाले, "मटण सोडा म्हणालात, सोडलं. आता परमुलखातला पक्षी नि परमुलखातला पदार्थ कशाला? आपलं काही असलं तर वाढ. नाही तर आमटी-भाकरी बरी आहे." मुलगी हिरमुसली. आबांनीं आमच्याकडे पाहिलें; आम्ही मध्यस्थी करावी असा त्यांचा भाव दिसला. त्या वेळीं आम्ही कांहींच बोललों नाहीं, कारण उत्तर आमच्यापाशीं तयार नव्हतें. पुढें ग्रंथ चाळतांना जें हातीं लागलें तें येथें मांडीत आहों.

प्रथम पदार्थाचा विचार करूं. 'कोफ्ता' हा शब्द फारशी आहे. 'कूफ्तन्' म्हणजे कुटणें, ठेचणें, आणि कोफ्ता म्हणजे कुटलेलें. 'खिमा' हा शब्दही तुर्की-फारशी वाटेनें आपल्याकडे आला. शब्द परके आहेत, यांत शंका नाहीं. परंतु शब्द परका म्हणून वस्तु परकी, हें अनुमान घाईचें होय. आपण 'कागद' व 'दुकान' हे शब्द बाहेरून घेतले. म्हणून त्यापूर्वीं येथें कोणी लिहीत नव्हतें व विकीत नव्हतें असें कोणी म्हणत नाहीं.

कल्याणीच्या चालुक्य वंशांत तिसरा सोमेश्वर नांवाचा राजा झाला. त्याचा राज्यकाल ११२६ ते ११३८. त्या वेळीं कोल्हापूर प्रांतीं शिलाहार गंडरादित्य राज्य करीत होता, आणि हे शिलाहार चालुक्यांचे मांडलिक होते. म्हणजे उचगांवची भूमि त्याच सत्तेच्या छायेंत होती. या सोमेश्वरानें 'मानसोल्लास' नांवाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ रचला. त्याचे पांच भाग असून प्रत्येक भागांत वीस अध्याय आहेत. राज्यकारभार, हत्ती, रत्नें, संगीत, चित्रकला यांबरोबरच राजानें 'अन्नभोग' या प्रकरणांत स्वयंपाकाचेंही सविस्तर वर्णन केलें आहे. शंभर विषयांच्या ग्रंथांत राजाला मुदपाकखाना विसरवला नाहीं, ही गोष्ट आमच्या आजच्या इतिहासकारांनीं लक्षांत घेण्याजोगी आहे. त्या प्रकरणांत निखाऱ्यांवर भाजलेल्या मांसाचे प्रकार आहेत, आणि त्यांबरोबरच एक प्रकार आमच्या विषयाच्या अगदीं जवळचा आहे. कच्चें मांस बारीक वाटून त्यांत मसाल्याचीं द्रव्यें मिसळावीं, देठाजवळ भोंक पाडलेल्या वांग्यांत तें भरावें आणि तेलांत शिजवावें. यास राजानें 'पूरभट्टाक' असें नांव दिलें आहे. आपल्या भरल्या वांग्याचा हा आठशें-नऊशें वर्षांपूर्वींचा सामिष पूर्वजच म्हणावयाचा. गोळ्याला आकार देण्याचें काम येथें हाताच्या तळव्याऐवजीं वांग्यानें केलें, इतकाच फरक.

याच ग्रंथांत आणखी एक गोष्ट आहे, ती मराठी वाचकांस सुखावणारी आहे. ओवी या गीतप्रकाराविषयीं लिहितांना, महाराष्ट्रांतील स्त्रिया ती कांडण करतांना गातात, असें सोमेश्वर सांगतो. ज्या कुटण्यावरून फारशी लोकांनीं एका पदार्थास नांव दिलें, त्या कुटण्यालाच आमच्या बायकांनीं गाणें दिलें होतें. उखळ-मुसळ आणि पाटा-वरवंटा या वस्तु कोणी बाहेरून आणून दिल्या नाहींत. आणि जेथें पाटा-वरवंटा आहे तेथें कांहींही वाटून त्याचा गोळा करण्याची युक्ति सुचण्यास परक्या गुरूची गरज नसते.

या युक्तीवर कोणाही एका देशाचा मालकी हक्क नाहीं, हें जगाचा इतिहास पाहिला म्हणजे अधिकच पटतें. रोमन लोकांचें 'आपिकियुस' या नांवानें ओळखलें जाणारें पाककृतींचें पुस्तक आहे. त्यांत कुटलेल्या मांसाच्या गोळ्यांची प्रतवारीच लावलेली असून पहिला मान मोराच्या मांसाला दिला आहे. बगदादच्या मुहम्मद बिन हसन यानें १२२६ मध्यें लिहिलेल्या पाकग्रंथांत हे गोळे रश्श्यांत सोडलेले आढळतात. पंधराव्या शतकाच्या अखेरीस माळव्यांत मांडूच्या घियासशाहा सुलतानासाठीं 'निमतनामा' हा सचित्र ग्रंथ तयार होऊं लागला. त्यांत तर कोफ्त्यांची रेलचेल आहे. उत्तरेंतील मोगल आणि आपल्या शेजारचे विजापूरकर यांच्या मुदपाकखान्यांतून ही फारशी परिभाषा दख्खनेंत रुळली. पन्हाळा १६५९ मध्यें शिवाजी महाराजांनीं घेण्यापूर्वीं आदिलशाहीकडे होता. फौजांबरोबर खानसामे येतात आणि खानसाम्यांबरोबर शब्द येतात. शब्द राहिले आणि राज्यें गेलीं, असा प्रकार इतिहासांत नेहमींच घडतो.

पुढें मराठी राजांच्या घरीं तर बाहेरच्या पाककलेस उघड दार होतें. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांच्या (१७९८ ते १८३२) मुदपाकखान्यांतील कृति 'सरभेंद्र पाकशास्त्र' या नांवानें जतन झाल्या आहेत, आणि त्यांत इंग्रजी पदार्थांसही जागा मिळाली आहे. मुंबईकडे छापील पुस्तकांचा काळ आला तेव्हां १८७५ मध्यें रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें 'सूपशास्त्र' निघालें. आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं लक्ष्मीबाई धुरंधर यांनीं 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' हें पुस्तक लिहून पाठारे प्रभूंच्या घरांतील सामिष पदार्थ सर्व मराठी गृहिणींपुढें ठेविले. ज्या लाल तिखटावांचून कोल्हापुरी रस्सा ओळखूंच येणार नाहीं, तें तिखट ज्या मिरचीचें तीही सोळाव्या शतकांत पोर्तुगिजांच्या गलबतांतून अमेरिकेहून आली. सोमेश्वराच्या अन्नभोगांत मिरें आहेत, मिरची नाहीं. तेव्हां तांबडा रस्सा हा 'आपला' आणि अमेरिकेंतील पक्षी 'परका', हें म्हणणें आबांसारख्या शिक्षकास तरी शोभणारें नाहीं.

आतां त्या पक्ष्याची हकीकत सांगतों. कारण तिच्याइतकी गमतीची नामकथा दुसऱ्या कोणत्याही पक्ष्याच्या वाट्यास आली नसेल. टर्की हा मूळचा उत्तर अमेरिकेंतला. मेक्सिकोच्या लोकांनीं त्याला सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं माणसाळविलें. सोळाव्या शतकाच्या आरंभीं स्पॅनिश लोकांनीं तो युरोपांत नेला. इंग्रजांना तो तुर्की व्यापाऱ्यांकडून येणाऱ्या दुसऱ्या एका कोंबडीसारखा वाटला, म्हणून त्यांनीं त्यास तुर्कस्तानचें नांव दिलें. खुद्द तुर्क मात्र त्याला 'हिंदी' म्हणतात! फ्रेंचांनीं त्याचें नांव 'हिंदुस्थानचा' अशा अर्थानें ठेविलें. डच लोकांनीं तर नेमकें कालिकत बंदराचें नांव त्यास चिकटविलें. आणि पोलंडचे लोक त्याला 'इंडिक' म्हणतात. कोलंबसानें अमेरिकेला हिंदुस्थान समजण्याची जी चूक केली, तिचें ओझें हा बिचारा पक्षी अजून वाहत आहे. पोर्तुगिजांनीं त्याला पेरू देशाचें नांव दिलें. तें नांव गोव्याकडे त्या पक्ष्याबरोबर आलें. म्हणजे सगळें जग ज्याला हिंदुस्थानचा म्हणतें, त्याला आम्ही मात्र परमुलखाचा म्हणून ताटाबाहेर ठेवितों.

हिंदुस्थानांत तो आला तो गोव्यावरूनच. जहांगीर बादशहानें आपला सरदार मुकर्रबखान यास गोव्यास पाठवून दुर्मिळ वस्तु आणविल्या. त्या १६१२ मध्यें दरबारांत पोंचल्या. त्यांत हा पक्षी होता. बादशहा चौकस; त्यानें आपल्या आत्मचरित्रांत त्याचें बारकाईनें वर्णन केलें आहे. तो लांडोरीपेक्षां मोठा व मोरापेक्षां लहान आहे, मदांत आला म्हणजे मोराप्रमाणें पिसारा पसरतो, आणि त्याच्या डोक्या-मानेचा रंग सरड्यासारखा बदलतो, असें तो लिहितो. बादशहाच्या आज्ञेवरून उस्ताद मन्सूर यानें काढलेलें त्याचें चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयांत आहे. मोर आणि टर्की यांचें कूळ प्राणिशास्त्र्यांनींही एकच ठरविलें आहे. म्हणजे बादशहाची नजर चुकली नव्हती, आणि मोराच्या गोळ्याला पहिला मान देणारा तो रोमन आचारीही या पक्ष्याला दारांतून परत लावता ना.

परंतु उचगांवकरांस 'परकें' या शब्दाचा विचार करावयास दिल्ली वा रोम येथें जाण्याचें कारण नाहीं. गांवाच्या शेजारींच त्याचा धडा आहे. दुसऱ्या महायुद्धांत, १९४० व १९४१ सालीं, सोव्हिएत सरकारनें पूर्व पोलंडमधील लक्षावधि लोकांस सैबेरियाकडे व मध्य आशियाकडे हद्दपार केलें. १९४१ च्या करारानें त्यांची सुटका झाली, आणि त्यांपैकीं हजारों लोक इराणमार्गे बाहेर पडले. जामनगरच्या जामसाहेबांनीं बालाचडी येथें मुलांस आश्रय दिला; आणि उचगांवच्या शेजारीं वळिवडे येथें १९४३ पासून १९४८ पर्यंत पोलिश निर्वासितांची मोठी छावणी होती. सुमारें पांच हजार माणसें, बहुतेक बायका व मुलें. तेथें त्यांच्या शाळा होत्या, प्रार्थनामंदिर होतें, बालवीरांचीं पथकें होतीं, नाटकेंही होत. घरचा पुरुष लढाईवर किंवा मातींत, आणि बाई बराकींतल्या आपल्या चुलीपुढें, अशी बहुतेक कुटुंबांची स्थिति.

पोलंडच्या घरांत खिम्याचे गोळे हा रोजच्या जेवणांतला साधा पदार्थ आहे. शिळा पाव पाण्यांत वा दुधांत भिजवून पिळावयाचा, खिम्यांत कांदा व अंडें घालून तो मळावयाचा, आणि गोळे उकळत्या सारांत सोडावयाचे, ही त्यांची जुनी रीत. थोडें मांस अनेक तोंडांस पुरवावयाचें आणि शिळा तुकडाही वायां घालवावयाचा नाहीं, ही त्यांतली गृहिणीची हिकमत. ज्या बाईनें सैबेरियांत पावाच्या तुकड्यासाठीं मुलांचीं तोंडें पाहिलीं होतीं, तिला ही रीत कोणी शिकवावी लागत नव्हती. जगांत कोठेंही पहा, या गोळ्याच्या मुळाशीं श्रीमंतीपेक्षां काटकसरच अधिक आहे.

१९४८ मध्यें पोलिश लोक गेले. आणि त्याच बराकींत फाळणीमुळें घरदार सोडून आलेलीं सिंधी कुटुंबें राहूं लागलीं. तेंच आजचें गांधीनगर. कापडाच्या घाऊक व्यापारासाठीं तें प्रसिद्ध आहे. त्यांच्याबरोबर त्यांचा 'खीमो' आला. एका परक्यांच्या पाठीमागें दुसरे परके आले, आणि तीन पिढ्यांत ते इतके येथले झाले कीं लग्नाचा बस्ता बांधावयास आजूबाजूच्या गांवचे लोक त्यांच्याचकडे जातात. पोलिश लोकही कोल्हापूर विसरले नाहींत. वॉर्सा शहरांत कोल्हापूरचें स्मारक आहे, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्यें भारताच्या पंतप्रधानांनीं तेथें जाऊन पुष्पांजलि वाहिली. पोलंडच्या राजधानींत कोल्हापूरचें नांव कोरलें गेलें, तें येथल्या कोणत्या विजयामुळें नव्हे, तर परक्यांस घांसभर अन्न व डोक्यावर छप्पर दिल्यामुळें.

असो. इतिहासानें आबांचा अर्धा आक्षेप दूर होतो. उरलेला अर्धा प्रकृतीचा आहे, आणि त्यास आंकडेच उत्तर देऊं शकतात. अन्नाची शक्ति कॅलरींत, म्हणजे उष्मांकांत, मोजतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन शास्त्रज्ञ ॲटवॉटर यानें ठरविलेलें प्रमाण अजून चालतें: प्रथिनें व पिष्ट यांच्या एका ग्रॅमास सुमारें ४ उष्मांक, आणि चरबीच्या एका ग्रॅमास ९. टर्कीच्या छातीचें कातडें काढलेलें कच्चें मांस घेतलें, तर १०० ग्रॅमांस सुमारें ११० उष्मांक भरतात. कोंबडीच्या छातीचे सुमारें १२०. आणि गंमत अशी कीं चरबी काढलेल्या बकऱ्याच्या मांसाचेही जवळजवळ तितकेच, सुमारें ११० च भरतात. म्हणजे टर्कींत कांहीं जादू आहे असें नव्हे. तिच्या मांसांतही कातडें व चरबी कुटून घातली तर तो खिमा जडच होतो. खरा दोष आहे तो आपल्या पातेल्यांत. एका मोठ्या चमच्याभर तेलांत सुमारें १२० उष्मांक असतात. अर्ध्या किलो खिम्याचे सुमारें ५५० उष्मांक; आणि त्यावर तर्री यावी म्हणून चार मोठे चमचे तेल ओतलें कीं त्यांत ४८० ची भर पडते! त्यावर वाटलेल्या खोबऱ्याची चरबी निराळीच. डॉक्टरांनीं तेल व चरबी कमी करावयास सांगितलें होतें. घरच्यांनीं मांस काढलें आणि आमटीची फोडणी तशीच ठेविली. औषध एकीकडे आणि पथ्य भलतीकडे, असा हा प्रकार झाला.

मात्र चरबी काढली कीं गोळा कोरडा व रबरासारखा होतो, ही अडचण खरी आहे. आणि ती सोडविण्याची युक्ति जुन्या गृहिणींच्या हातांत आहे. खिम्यांत आधीं मीठ घालून तो चांगला मळावा. मिठानें मांसांतील प्रथिनें सुटतात व गोळा आपोआप बांधला जातो, तळून कवच आणावें लागत नाहीं. भिजवून पिळलेल्या पावाचा एक तुकडा आणि किसलेला कांदा त्यांत घालावा. पाव पाणी धरून ठेवितो आणि गोळा मऊ राहतो. अर्ध्या किलोस आठ-दहा लसणाच्या पाकळ्या, बोटभर आलें, मूठभर कोथिंबीर, दोन चमचे कांदा-लसूण मसाला आणि एका अंड्याचा पांढरा बलक पुरे. रश्श्यासाठीं कांदा व टोमॅटो तव्यावर कोरडे भाजून वाटावेत. खोबरें निम्मेंच घेऊन उरलेला दाटपणा फुटाण्याच्या डाळीनें आणावा, आणि फोडणीस एकच चमचा तेल घ्यावें. रस्सा मंद उकळत असतांना लिंबाएवढे गोळे त्यांत हलकेच सोडावे आणि पंधरा मिनिटें झांकून शिजूं द्यावे. पक्ष्याचा खिमा आंत गुलाबी राहतां कामा नये, म्हणून एक गोळा फोडून पाहावा. फार ढवळूं नये आणि खळखळून उकळूं नये, हें विशेष लक्षांत ठेवावें.

या कृतींत पोलिश बाईचा भिजवलेला पाव आहे, बगदादचा सारांत सोडलेला गोळा आहे, पोर्तुगिजांची मिरची आहे, आणि मसाला कोल्हापूरचा आहे. यांतलें कोणतें आपलें आणि कोणतें परकें, हें निवडूं लागलों तर शेवटीं पातेलें रिकामें होईल. जो पदार्थ आपल्या घरच्या माणसाला पंक्तींत परत आणून बसवितो तो आपला, अशीच व्याख्या आमच्या मतें गृहस्थाश्रमास शोभते.

हें सर्व टिपण आम्हीं आबांस वाचून दाखविलें. त्यांनीं मध्येंच थांबवून सोमेश्वराचें साल दोनदां विचारलें, वळिवड्याच्या छावणीविषयीं आपल्या वडिलांकडून ऐकलेल्या दोन आठवणी सांगितल्या, आणि गोळ्यांविषयीं मात्र चकार शब्द काढला नाहीं. पुढच्या रविवारीं त्यांच्या कन्येनें स्वयंपाक केला. टर्की तेथल्या बाजारांत मिळाली नाहीं, म्हणून कोंबडीच्या छातीचाच खिमा आणला होता. आबा नेहमींच्या जागीं, पंक्तीच्या टोकाला बसले. पहिला गोळा त्यांनीं बोटानें फोडून आंत पाहिला, भाकरीच्या तुकड्याशीं खाल्ला, आणि मुलीकडे न पाहतांच म्हणाले, "मीठ किंचित कमी पडलं." मग शेजारीं बसलेल्या जावयाच्या ताटाकडे बोट करून त्यांनीं बायकोला सांगितलें, "अगं, त्यांना वाढ की. ताट रिकामं दिसतंय." तीन-चार महिन्यांत त्यांनीं पंक्तींत कोणाला केलेला हा पहिलाच आग्रह होता.